झाडावरची गाठ: कधी सरकते, कधी सुटतच नाही

मेअखेर ते जूनअखेर या महिन्याभरात दोराने झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांचे मला एकाच विषयावरचे फोन येतात: ज्या गाठीने आपण चढायच्या दोरावर टांगलेले असतो ती गाठ. "दादा, गाठ धरत नाहीये." नाहीतर, "दादा, गाठ बसली, खाली येताच येईना." कित्येकदा दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असतात आणि दोरही तोच असतो. पहिल्याला मी सांगायचो, वेढा वाढव. दुसऱ्याला सांगायचो, वेढा कमी कर. पुढच्या झाडावर गेला की त्याचा पुन्हा फोन.

मग ते माझ्यावरच आलं.

गोरेगावला एका सोनमोहोरावर काम होतं. दोर नवा कोरा, १२ मिलिमीटरचा. गाठ नेहमीची, ब्लेक्स हिच, त्याच जाडीच्या दोराच्या वेगळ्या तुकड्याने मुख्य दोरावर बांधलेली. वर पहिल्यांदाच सालीऐवजी पट्टा आणि रिंग लावली होती, म्हणजे दोर फांदीवरून न जाता रिंगमधून जात होता. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, बसलो की गाठ वीतभर सरकायची आणि मग धरायची. वीतभर म्हणजे काही मोठं नाही, पण तीस फुटांवर पोटात गोळा यायला तेवढं पुरतं. घरी येऊन मी "उपाय" केला. ट्रेकिंगच्या पिशवीतला ८ मिलिमीटरचा तुकडा काढला, एक वेढा वाढवला आणि गच्चीवरच्या पाइपावर लटकून पाहिलं. पकड मगरीसारखी. खूश झालो.

पंधरा दिवसांनी मुलुंड. सोसायटीच्या आवारातला वर्षावृक्ष, रस्त्यावर झुकलेल्या दोन फांद्या उतरवायच्या होत्या. परवानगीचा कागद सेक्रेटरींच्या हातात होता (१९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे खाजगी आवारातही तो लागतोच). सकाळी काम छान चाललं होतं. साडेअकराला दहा मिनिटांची सर आली. मी खोडाला बिलगून ती अंगावर घेतली, पाऊस थांबल्यावर उतरायला म्हणून गाठीवर हात ठेवला आणि ती हलेना. दाबली, ओढली, गदागदा हलवली. दगड. खाली छत्र्या घेऊन सोसायटी जमली. दुसऱ्या मजल्यावरून एक काकू विचारत होत्या, "अहो, फायर ब्रिगेडला फोन करू का?" वीस मिनिटं मी तिथे टांगलेला. सुटलो कसा ते पुढे सांगतो, कारण तो भाग प्रत्येकाला पाठ हवा.

त्या रात्री वहीत लिहून काढलं तेव्हा दिसलं, की गोरेगावच्या दुखण्यावर मी जे औषध घेतलं होतं त्याचाच मुलुंडला अपाय झाला. बारीक तुकडा, वाढवलेला वेढा आणि वरून पाऊस, तीन बदल एकदम. गच्चीवर चाचणी घेतली ती कोरड्या दोरावर, दोन फूट उंचीवर, दोन मिनिटं.

लहानपणी घरात गाठींचे दोनच प्रकार ऐकलेले असतात. ओढली की सुटते ती सुरगाठ, नखं मोडली तरी सुटत नाही ती निरगाठ. झाडावर चढणाऱ्याला एकाच गाठीत दोन्ही हव्या असतात. वजन टाकलं की निरगाठ, हाताने दाबली की सुरगाठ. या दोन टोकांच्या मधे जी चिंचोळी जागा आहे तिथे गाठ ठेवणं एवढंच आपलं काम. आणि ती जागा झाडागणिक, दोरागणिक, हवेगणिक सरकत राहते. म्हणून "कोणती गाठ चांगली" या प्रश्नाला मी हल्ली उत्तरच देत नाही. उलट विचारतो, वर काय लावलंय?

आधी वर बघा

बहुतेक जण गाठीकडे बघत बसतात. मीही बसायचो. पण गाठीवर किती भार येतो ते ठरतं वर, दोर जिथून वळतो तिथे.

माझं वजन सामानासकट ८० किलो धरा. दुहेरी दोराच्या पद्धतीत दोराचं एक टोक माझ्या हार्नेसला असतं, दोर वर जाऊन फांदीवरून खाली येतो, आणि त्या खाली आलेल्या बाजूवर गाठ असते. वर चांगली फिरणारी कप्पी असेल तर दोन्ही बाजूंवर सारखाच भार, ४० आणि ४०. पण दोर थेट सालीवरून जात असेल तर उतरताना सालच बरंचसं ओझं खाते. वर्षावृक्षाची खरबरीत, भेगाळलेली साल असली तर गाठीच्या वाट्याला एकूण वजनाचा जेमतेम पाव हिस्सा येतो. पेरू किंवा जांभळाची नितळ फांदी असली तर जास्त.

म्हणजे सालीवर वर्षभर गुणी वाटलेली गाठ प्रत्यक्षात साल सांभाळत होती. रिंग किंवा कप्पी लावलीत की तो आधार गेला. मग ढिली गाठ सरकू लागते आणि घट्ट गाठ अजून आवळते. गोरेगावला माझं हेच झालं होतं. रिंग वाईट नव्हे, उलट साल सोलत नाही, दोर झिजत नाही, चढायला दम कमी लागतो. पण ती लावली त्या दिवशी गाठ नव्याने जुळवायला हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओघात सांगतो, गुलमोहरावर एकाच फांदीच्या भरवशावर अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, घेऊ नका. लाकूड ठिसूळ, आणि मुंबईच्या पहिल्या वादळी सरीत कोण आधी मोडतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पिठ्या ढेकूण लागलेल्या वर्षावृक्षाच्या शेंड्याकडच्या फांद्याही वरून हिरव्या दिसल्या तरी ठोकून, लटकून बघितल्याशिवाय नकोत.

एक दोर की दोन?

हा मुद्दा थोडक्यात, पण सगळ्यात जास्त घाबरवणारा. हल्ली मुलं व्हिडिओ बघून एकेरी दोरावर चढतात. दोर वर एका जागी बांधलेला, आणि माणूस त्याच एका दोरावर. यात गाठीवर पूर्ण ८० किलो येतात, दुहेरीच्या दुप्पट. दुहेरी दोरावरची ब्लेक्स किंवा तिच्यासारखीच प्रुसिक नावाची गाठ तशीच उचलून एकेरी दोरावर लावलीत तर वर जाता येतं. उतरताना ती एक तर हलतच नाही, किंवा जोर लावून हलवली तर इतकी तापते की तुकडा वितळू लागतो.

व्हिडिओतला माणूस सहज उतरतो, कारण त्याच्या गाठीच्या वर एक लहानसं धातूचं साधन असतं. त्याला रोप रेंच म्हणतात. ते दोराला किंचित वाकवून घर्षणाचा काही भाग स्वतःकडे घेतं, आणि गाठीकडे उरतो तेवढाच भार राहतो जेवढा हाताने सोडवता येतो. ज्याच्याकडे ते किंवा त्यासारखं साधन नाही त्याने एकेरी दोरावर नुसत्या गाठीने उतरायचं नाही. गिर्यारोहणातला एट (इंग्रजी आठाच्या आकाराचं उतरायचं धातूचं साधन) आणि खाली बॅकअपची, म्हणजे राखीव, गाठ हा मार्ग आहे, पण तो फक्त उतरण्याचा. झाडावर आपल्याला दिवसातून पन्नास वेळा वर-खाली करायचं असतं.

दोर आणि तुकडा, दोघांचं जमतं का?

सह्याद्रीत रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकून या कामात आलेले आपण बरेच जण आहोत, आणि आपल्या सगळ्यांच्या पिशवीत ६ मिलिमीटरची प्रुसिकची दोरी असतेच. तिथे ती ठीक. १२-१३ मिलिमीटरच्या झाडाच्या दोरावर ती चावते, रुतते, आणि दिवसभराच्या घासाघाशीला तिचा जीवही पुरत नाही. ढोबळ हिशेब असा, की गाठीची दोरी मुख्य दोराच्या जाडीच्या ६० ते ८० टक्के. १२ च्या दोराला ८ ते १० मिलिमीटर. जितकी बारीक तितकी पकड कडक. ब्लेक्स हिच मात्र मुख्य दोराच्याच जाडीच्या तुकड्याने छान चालते, किंबहुना तिच्यासाठी तेच योग्य. मी ८ मिलिमीटरने बांधून स्वतःसाठी सापळा तयार केला होता.

जाडीइतकाच महत्त्वाचा मऊपणा. नवी दोरी ताठ असते, वेढे नीट चिकटत नाहीत, म्हणून सरकते. नवा दोर कारखान्यातून आलेला गुळगुळीत असतो, तोही सरकतो. दोन्ही नवे असतील तर बघायलाच नको. नवा दोर मी आधी साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, दोन-तीन दिवस जमिनीजवळच्या कामाला वापरतो.

आणि निळा प्लॅस्टिकचा दोर. नागदेवीच्या बाजारात किलोवर मिळतो, फांद्या खाली ओढायला, ताडपत्री बांधायला झकास. माणूस टांगायला नाही. तो पॉलिप्रोपिलीनचा असतो, साधारण १६५ अंशांना वितळतो, उन्हात भुगा होतो आणि त्याच्यावर कुठलीच घर्षणाची गाठ भरवशाने बसत नाही. माणसाच्या दोरावर ईएन १८९१, प्रकार अ असा युरोपीय मानकाचा शिक्का बघून घ्या. महाग आहे, मान्य. पण कंत्राटदाराला "दोराचे पैसे वेगळे" असं सांगायला मीही पाच वर्षं लाजलो, तुम्ही लाजू नका.

गाठ तीच आहे ना?

ब्लेक्स हिच आपल्याकडे तोंडी पसरली आणि तोंडी पसरलेल्या गोष्टीचं होतं तेच तिचं झालं. मी चार टोळ्यांमध्ये तिचे तीन अवतार पाहिले, त्यातला एक जीवघेणा होता.

बरोबर गाठ अशी: तुकड्याचं शेपूट, म्हणजे मोकळं टोक, मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे घेतं. मग ते खाली आणायचं, हार्नेसकडे जाणाऱ्या भाराच्या बाजूच्या पुढून घ्यायचं, मुख्य दोराच्या मागून फिरवायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, म्हणजे वेढे आणि दोर यांच्या मधून, वर नेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वेढ्याच्या फटीतून बाहेर काढायचं. शेवटी शेपटाला आठाची गाठ. ही आठाची गाठ विसरायची नाही, कारण काम करता करता शेपूट मिलिमीटर मिलिमीटरने आत ओढलं जातं.

चुकीच्या अवतारात शेपूट भाराच्या बाजूला अडवलेलं नसतं, तसंच वेढ्यांत घुसवलेलं असतं. लांबून दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. चुकीची गाठ थोडा वेळ वजनही धरते, आणि मग लोळत सुटते. म्हणून माझ्याकडे नवीन आलेल्या मुलाची गाठ मी डोळ्यांनी तपासत नाही. त्याला सांगतो, "सोड आणि माझ्यासमोर परत बांध."

या गाठीची गोष्टही मजेची आहे. नाव पडलं जेसन ब्लेक या अमेरिकन आरोहकावरून, त्याने १९९४ मध्ये एका मासिकाला पत्र लिहून ती कळवली म्हणून. पण ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्काने ती आधीच शोधून छापली होती. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, ऑस्ट्रियाच्याच कार्ल प्रुसिकने आपल्या सगळ्यांची ती पहिली गाठ मांडली. ज्याने नीट कळवलं त्याचं नाव राहिलं.

ब्लेक्स हिच जळते ती एकाच जागी. घर्षण सगळ्या वेढ्यांत वाटलं जात नाही, एका ठिकाणी जमतं. म्हणून रोजचं काम असेल तर डिस्टेल किंवा श्वाबिश शिकून घ्या. डिस्टेल म्हणजे आपल्या खुंटगाठीचंच लांबवलेलं रूप, वर चार वेढे, खाली एक. श्वाबिश म्हणजे एकाच बाजूला जास्त वेढे घेतलेली प्रुसिक, वर चार, खाली एक. दोन्हींना दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे पक्के फास, असलेली दोरी लागते. व्हीटी नावाची वेणीसारखी गाठ अजून मऊ चालते, पण ती दोरीच्या लांबीला फार नखरेल आहे. दोन बोटं लांब झाली की सरकली, दोन बोटं आखूड झाली की बसली. ती मी कुणाला पहिली गाठ म्हणून शिकवत नाही.

कशी सरकते आणि कशी बसते, ते सांगा

फोनवर "सरकते" एवढंच ऐकून काही कळत नाही. बसल्या बसल्या मुंगीच्या पावलांनी सरकत असेल तर वेढे कमी पडतायत किंवा दोरी जाड आणि ताठ आहे. बसताना एकदम हातभर जाऊन मग धरत असेल तर गाठ वाईट नाही, ती वजन टाकण्याआधी जुळवून घेतलेली नाही. झाडात वर पाऊल टाकलं की दोर सैल पडतो, वेढे उघडतात. पुन्हा वजन टाकायच्या आधी अंगठ्याने वेढे एकमेकांवर सारून, हळूच थोडा भार देऊन, मग बसायचं. ही सवय लागायला मला दोन पावसाळे गेले. आणि सकाळी धरत होती, दुपारी सरकते असं असेल तर दोराला हात लावून बघा, चेनसॉच्या पात्याचं तेल लागलं असणार. डिकीत दोर आणि मशीन एकाच गोणीत टाकणारे आपणच. त्याच डिकीत जुनी बॅटरी असेल तर दोर सरळ टाकून द्या. आम्लाने नायलॉन आतून कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही.

बसण्याचेही असेच प्रकार आहेत. पहिल्याच बैठकीला आवळली तर दोरी बारीक आहे, वेढे जास्त आहेत किंवा एकेरी दोर आहे. झटका बसल्यावर आवळली, म्हणजे सैल दोरावर तीन-चार फूट घसरून पडलात, तर ती सोडवून बाजूला ठेवा आणि दुसरी दोरी घ्या. दिवस चढत गेला तशी आवळत गेली, तर कारण पाणी किंवा चीक.

पाण्याचं असं, की नायलॉन पाणी पितं. फुगतं, ताणतं, थोडं कमजोरही होतं. पॉलिएस्टर फारसं पीत नाही, पण त्याच्या विणीत पाणी शिरतंच. माझ्या वहीतल्या नोंदी सांगतात, की माझ्या दोरावर पहिल्या सरीनंतर गाठ नेहमी कडक होते. म्हणून जूनपासून मी एक वेढा कमी करतो आणि ती कमी वेढ्यांची गाठ कोरड्या सकाळी जमिनीजवळ पुन्हा तपासतो. तुमच्या दोरावर उलटंही होऊ शकतं. बादलीभर पाणी ओता, दोन फुटांवर लटका, दोन मिनिटांत कळेल. मी गच्चीवर हेच केलं असतं तर मुलुंडच्या काकूंच्या जीवाला घोर लागला नसता.

आमच्याबरोबर मालवणकडचे एक पाडेली काका काम करायचे. आयुष्य माडावर गेलेलं, हार्नेस त्यांना लहान मुलांच्या झबल्यासारखा वाटायचा. नवीन गाठ दाखवली की ते गाठीकडे बघायचेच नाहीत. "अरे झिला, आधी दोराक हात लाव, मगे गाठ मार." म्हणजे ओला आहे का, चिकट आहे का, ताठ झालाय का. मी तेव्हा हसलो होतो. आता माझ्या टोळीत सकाळी पहिलं काम तेच असतं, अख्खा दोर हातातून काढायचा. मऊ जागा, गाठाळलेली जागा, चकाकणारी जागा, तिन्ही हाताला कळतात.

चकाकीबद्दल. घाईघाईत सूंऽऽ करून उतरलात की गाठीची दोरी तापते, तंतू वितळून वर काचेसारखा थर येतो. नायलॉन, पॉलिएस्टर २२० ते २६० अंशांच्या मधे वितळतात, आणि गाठीच्या आत तिथवर पोचायला फार लांबचं उतरणं लागत नाही. हा थर गुळगुळीत असतो म्हणून एखाद्या वेळी सरकते, आणि ताठ असतो म्हणून दुसऱ्या वेळी बसते. एकाच दोरीच्या दोन विरुद्ध तक्रारींचं हे सगळ्यात सामान्य कारण. नखाने खरवडून बघा, टकटक आवाज आला तर कापून फेका. जपून ठेवलीत तर उद्या घाईत तीच हाताला लागेल.

वर अडकलात तर

गाठ बसली आणि तुम्ही वर आहात. पहिली गोष्ट, तिच्याशी मारामारी थांबवा. वजन तिच्यावर आहे तोवर ती जिंकणार.

लॅनयार्ड, म्हणजे कमरेची आखूड दोरी, खोडाला किंवा जाड फांदीला घाला आणि हार्नेसला अडकवा. आता तुम्ही दोन ठिकाणी बांधलेले आहात. मग पाय टेकायला जागा बघा, बेचकं असेल तर उत्तम. नसेल तर पट्टीचा फास करून फांदीला टांगा आणि त्यात उभे राहा. उभे राहिलात की गाठीवरचं वजन जातं. मग भाराची बाजू खालून वर गाठीत ढकला, वेढ्यांना श्वास मिळतो, वरून एकेक वेढा अंगठ्याने मोकळा करा. मुलुंडला वीस मिनिटांतली सोळा मी गाठ ओढण्यात घालवली आणि शेवटच्या चारमध्ये हे केलं. माझी लॅनयार्ड सकाळपासून कमरेलाच होती.

हातकरवत गाठीजवळ नेऊ नका. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी पुरतं.

आणि टांगलेल्या अवस्थेत फार वेळ राहू नका. हार्नेसमध्ये पाय न हलवता लोंबकळणं शरीराला वाईट, म्हणून अडकलात तरी पाय हलवत राहा, आलटून पालटून कशावर तरी टेका. खालच्या माणसाकडे दुसरा दोर आणि वर चढता येणारा दुसरा माणूस हवाच. एकट्याने चढायचं नाही.

गाठ सरकायला लागली तर उलटा धडा. घाबरलं की हात आपोआप गाठीला घट्ट धरतो, आणि तीच सगळ्यात मोठी चूक आहे. गाठीच्या डोक्यावर हात म्हणजे तुम्हीच तिला उतरायचा हुकूम देताय. हात गाठीवरून काढा आणि गाठीच्या खालचा दोर आवळून धरा. वाचायला सोपं आहे. शरीराला शिकवायला मी मुलांना दोन फुटांवर लटकवतो, मागून "सुटली!" असं ओरडतो आणि कुणाचा हात कुठे जातो ते बघतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात गाठीवर जातात. माझाही गेला होता.

नवी गाठ सांगताना

एवढं सगळं लिहिलं ते याचसाठी, की आपण एकमेकांना गाठीचा फोटो पाठवतो आणि त्याला शिकवणं म्हणतो. मला गोरेगावच्या आधी कुणीतरी रिंगचा फोटो पाठवला होता. त्यानेही भल्यासाठीच पाठवला होता. त्यात गाठ होती, दोराची जाडी नव्हती, माणसाचं वजन नव्हतं, वर काय होतं ते नव्हतं.

आता आमच्या टोळीत गाठ सांगताना गाठीबरोबर एवढं सांगावंच लागतं: मुख्य दोर किती मिलिमीटर आणि किती जुना, गाठीची दोरी किती मिलिमीटर आणि डोळ्यापासून डोळ्यापर्यंत किती लांब, वेढे किती, वर साल की रिंग की कप्पी, एकेरी की दुहेरी, सांगणाऱ्याचं वजन, आणि दोर कोरडा होता की ओला. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, "दादा, एवढं कोण लक्षात ठेवणार?" मी म्हटलं, "अरे, लक्षात ठेवू नकोस, लिही." त्याने दोराच्या पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं. आता सगळ्यांच्या पिशव्या तशाच आहेत, माझी पण.

आणि एका वेळी एकच बदल. दोर बदलला तर गाठ जुनी. गाठ बदलली तर झाड ओळखीचं. नवीन गाठीचे पहिले तीन दिवस डोक्याच्या वर जायचं नाही, पहिला आठवडा लॅनयार्ड खोडावरून काढायची नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, सगळ्या मुंबईला एकाच वेळी छाटणी हवी असते तेव्हा, नवीन काहीही शिकायचं नाही. शिकायला थंडीचे दिवस आहेत. दोर कोरडा असतो, डोकं शांत असतं.

माझ्या पिशवीत सध्या लिहिलेलं आहे ते असं: दोर १२ मिलिमीटर, दोन पावसाळे झालेला. दोरी १० मिलिमीटर, डिस्टेल, कोरड्यात वर चार, खाली एक. ओल्यात वर तीन, पण आधी दोन फुटांवर तपासून. वर रिंग, दुहेरी दोर, वजन ८०. या आकड्यांवर तुम्ही थेट चढू नका, तुमचे वेगळे येतील.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वड आणि पिंपळाचा चीक. दोराला लागला की आधी गाठ रबरासारखी धरते, वाळला की तिथे खडे होतात आणि गाठ प्रत्येक खड्यावर अडखळते. साध्या साबणाने निघत नाही, ब्रशने घासलं तर दोराची खोळ पिंजारते. कुणाकडे काही इलाज असेल तर सांगा. रॉकेल आणि पेट्रोल सोडून, ते चार जणांनी आधीच सुचवलंय, आणि त्यातल्या एकाचा दोर मी स्वतः कापून टाकलाय.